मक्ता, मालकी आणि मुखत्यारी : वडगाव ते गहुंजे

१. प्रश्नाचे स्वरूप

दुसऱ्याच्या वतीने बोलणी करणाऱ्या माणसाला स्वतःच्या विचाराने शब्द देण्याचा अधिकार कितपत असतो, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना आहे. राजाचा वकील, सावकाराचा गुमास्ता, जहागीरदाराचा कारभारी यांच्यापुढे तो निरनिराळ्या रूपांत उभा राहिला. अलीकडच्या काळात तोच प्रश्न व्यावसायिक खेळाच्या क्षेत्रात आलेला आहे. संघाचा मालक एक असतो. खेळाडू निवडणे, त्यांचे मोल ठरविणे, त्यांच्याशी करार करणे ही कामे पाहणारा व्यवस्थापक दुसरा असतो. या व्यवस्थापकाने दिलेला शब्द मालकावर बंधनकारक मानावयाचा की मालकाने मान्य करीपर्यंत तो शब्द केवळ प्रस्ताव समजावयाचा, यावर व्यवस्थापकाचे स्वातंत्र्य अवलंबून राहते.

या प्रश्नाच्या अभ्यासाला मावळ तालुक्याची भूमी विशेष उपयोगी आहे. या तालुक्यातील वडगाव येथे १७७९ साली झालेला तह हे मुखत्यारीच्या मर्यादेचे मराठ्यांच्या इतिहासातील एक ठळक उदाहरण होय. त्याच तालुक्यातील गहुंजे येथे २०१२ साली महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे मैदान उघडले, आणि पुढील काही वर्षांत दोन व्यावसायिक संघांनी ते आपले घर म्हणून वापरले व सोडले. या दोन घटनांत सव्वादोनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि त्यांचे महत्त्वही सारखे नाही. एकीत सैन्ये व राज्ये गुंतलेली होती, दुसरीत पैसा व करमणूक. तथापि अधिकार सोपविणे, तो वापरणे आणि नंतर नाकारणे या क्रिया दोन्हींत आढळतात. प्रस्तुत लेखात त्या क्रियांचा विचार मराठीने वापरलेल्या शब्दांच्या आधारे केला आहे.

२. शब्दांची साक्ष

अधिकार सोपविण्यासंबंधीचे मराठीतील बहुतेक शब्द फारसी-अरबी मुळाचे आहेत. अरबी ‘मुख्तार’ म्हणजे निवडलेला. त्यावरून मराठीत ‘मुखत्यार’ आला आणि त्याला स्वतःच्या निर्णयाने वागण्याची मुभा असलेला माणूस असा अर्थ चिकटला. त्याला ‘कुल’, म्हणजे सर्व, हे विशेषण जोडून ‘कुलमुखत्यार’ झाला. ‘कुलमुखत्यारपत्र’ हा शब्द कचेरीत आजही रोजच्या वापरात आहे. ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर काम सोपविले तो. ‘गुमास्ता’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ नेमलेला. या तिघांत अधिकाराची उतरती पायरी दिसते. मुखत्यार ठरवितो, वकील मांडतो, गुमास्ता सांगितलेले करतो. मराठेशाहीतील पत्रव्यवहारात एखादा मनुष्य केवळ निरोप घेऊन आला आहे की निर्णय करावयास आला आहे, याची चौकशी बोलणी सुरू होण्यापूर्वी होत असे, ती याच कारणाने.

‘करार’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ स्थिरता, ठरून जाणे. म्हणजे जे पुन्हा हलत नाही ते करार. जो शब्द मालकाच्या इच्छेने उद्या हलू शकतो, तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने करारच नव्हे.

‘मक्ता’ आणि ‘इजारा’ हे शब्दही येथे महत्त्वाचे आहेत. ठराविक रकमेच्या बदल्यात ठराविक मुदतीपुरते उत्पन्नाचे साधन दुसऱ्याला देणे म्हणजे मक्ता. मक्तेदार त्या साधनाचा उपभोग घेतो, परंतु त्याचा मालक होत नाही. पुढे ‘मक्तेदारी’ या शब्दाला एकाधिकार असा अर्थ आला आणि मूळचा मुदतीचा व परस्वाधीनतेचा अर्थ मागे पडला. अर्थाचे हे स्थित्यंतर लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज ज्याला ‘फ्रँचाइझी’ म्हणतात, ती संस्था मराठीच्या जुन्या अर्थाने मक्ता होय. तिच्या धारकाला वृत्तपत्रे मात्र ‘संघमालक’ म्हणतात. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. खेळाडूंच्या मोलाच्या संदर्भात त्याचा जो वापर सध्या होतो, तो मराठीत नवीन आहे. पूर्वी लिलाव वस्तूंचा, जमिनीच्या उत्पन्नाचा किंवा जप्तीतील मालाचा होत असे.

३. वडगावचा तह

नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली वध झाल्यानंतर रघुनाथरावाने पेशवाईवर हक्क सांगितला आणि इंग्रजांची मदत मागितली. मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेस त्याच्याशी तह केला. साष्टी व वसई मिळविणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. परंतु १७७३ च्या नियामक कायद्याने युद्ध व तह यांबाबत मुंबईवर कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाची देखरेख आलेली होती. कलकत्त्याने हा तह अमान्य केला, कर्नल अप्टन यास पुण्याकडे पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. मागाहून लंडनच्या संचालकांचे मत सुरतेच्या तहाला अनुकूल असल्याचे कळले. अशा रीतीने एकाच कंपनीच्या तीन ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी एकाच विषयावर परस्परविरुद्ध निर्णय दिले. मुंबईचे मंडळ स्वतःला धनी समजत होते. वस्तुतः ते दोन धन्यांचे गुमास्ते होते.

१७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईहून रघुनाथरावासह सैन्य निघाले. त्याची व्यवस्था एका सेनापतीकडे न देता कमिटीकडे दिली होती. कर्नल एगर्टन, जॉन कार्नॅक व मॉस्टिन हे तिचे सभासद होत. मॉस्टिन लवकरच आजारी पडून वारला. बोरघाट चढून सैन्य खंडाळ्याच्या पठारावर आले, पण त्याची चाल अत्यंत मंद होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. शत्रू असूनही त्याच्या धाडसाची मावळात वाहवा झाली आणि ‘इष्टुर फाकडा’ या नावाने तो लोकांच्या स्मरणात राहिला. नंतर एगर्टनने प्रकृतीच्या कारणाने सेनापतित्व सोडले आणि ते कॉकबर्नकडे गेले. सैन्य तळेगावास पोहोचले तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून वैराण केलेले आढळले. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून इंग्रज माघारी फिरले आणि दुसऱ्या दिवशी वडगाव येथे वेढले गेले.

यानंतर बोलण्यासाठी फार्मर यास मराठ्यांकडे पाठविण्यात आले. कलकत्त्याच्या संमतीवाचून तह करण्याचा कमिटीला अधिकार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. त्यावर महादजी शिंद्यांकडून आलेला प्रतिप्रश्न मुखत्यारीच्या इतिहासात नोंदण्यासारखा आहे. अप्टनने केलेला तह मोडण्याचा अधिकार ज्यांना होता, त्यांना नवा तह करण्याचा अधिकार कसा नाही, असा त्याचा आशय होता. जो आपल्या कृतीने मुखत्यार म्हणून वागला, त्याला अडचणीच्या वेळी गुमास्ता होता येत नाही, हा त्यातील सिद्धान्त. १६ जानेवारी १७७९ रोजी तह ठरला. १७७३ नंतर घेतलेला साष्टीसह सर्व मुलूख परत करावा, बंगालहून येणारे सैन्य थांबवावे, भडोचेचा इंग्रजांकडील हिस्सा महादजीस द्यावा आणि त्याच्या माणसांना ४१,००० रुपये द्यावेत, अशी त्यातील प्रमुख कलमे होती. रघुनाथराव महादजीच्या स्वाधीन झाला. फार्मर व लेफ्टनंट स्टुअर्ट हे ओलीस राहिले.

सैन्य सुखरूप घाटाखाली उतरताच हा तह नाकारण्यात आला. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी व कलकत्त्याचा वॉरन हेस्टिंग्ज या दोघांनीही कमिटीला असा अधिकार नव्हता, असे म्हटले. पुढे संचालकांनी कार्नॅक, एगर्टन व कॉकबर्न यांना नोकरीतून दूर केले. युद्ध चालू राहिले, आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते संपले. त्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मात्र वडगावच्या प्रसंगी दाखविलेल्या सौजन्याची पोच म्हणून भडोच महादजीस देण्यात आले. मुख्य तह अनधिकृत ठरविणाऱ्यांनी त्यातील एका कलमाला अशा रीतीने वेगळी मान्यता दिली. ज्याच्याशी पुढे संबंध ठेवावयाचा होता, त्याला दिलेला शब्द पाळला. ज्याच्याशी ठेवावयाचा नव्हता, त्याला दिलेला मोडला.

मराठ्यांकडील बाजूही नजरेआड करता येत नाही. सालबाईचा तह महादजीने पेशव्यांच्या वतीने केला आणि तोच त्याचा जामीनही झाला. नाना फडणिसांनी मात्र संमती कित्येक महिने रोखून धरली. मान्यतेची देवघेव १७८३ च्या फेब्रुवारीत पुरी झाली. तेव्हा धन्याची मान्यता हे केवळ इंग्रजांचे निमित्त नव्हते. मान्यता राखून ठेवणे आणि मान्यता राखून ठेवली आहे हे आधी न सांगणे, या दोहोंतला फरक मात्र मोठा आहे. नाना आपली संमती अद्याप बाकी आहे हे उघड ठेवून थांबले. मुंबईकरांनी कमिटीला सैन्य व अधिकार देऊन घाटावर पाठविले आणि तिच्या हातून प्रतिकूल गोष्ट झाल्यावर तिचा अधिकार नाकारला.

१८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाने पुढे याच विवेकाला खासगी व्यवहारात कायद्याचे रूप दिले. त्याच्या दहाव्या प्रकरणात प्रतिनिधी व त्याचा धनी यांचे संबंध सांगितले आहेत. व्यवहाराच्या एका भागास मान्यता दिली की सर्व व्यवहारास मान्यता मिळते, असे कलम १९९ म्हणते. धन्याने शब्दांनी वा वर्तनाने त्रयस्थाचा असा समज करून दिला असेल की प्रतिनिधीची कृती त्याच्या अधिकारात आहे, तर धनी त्या कृतीने बांधला जातो, असे कलम २३७ म्हणते. राज्याराज्यांमधील तहांना हा अधिनियम लागू नाही, हे खरे. परंतु महादजीचा प्रतिप्रश्न आणि कलम २३७ यांत एकच न्यायबुद्धी आहे.

४. खेळातील व्यवस्थापक

‘मॅनेजर’ हा शब्द भारतीय क्रिकेटमध्ये बराच काळ वेगळ्या अर्थाने वापरात होता. दौऱ्यावर जाणाऱ्या संघाची प्रवासाची, राहण्याची व शिस्तीची सोय पाहणारा मंडळाचा अधिकारी म्हणजे मॅनेजर. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात लाला अमरनाथांना मायदेशी परत पाठविण्यात आले, त्या वेळी विजयानगरमचे महाराजकुमार कर्णधार व ब्रिटन-जोन्स हे मॅनेजर होते. या मॅनेजराला शिक्षा करता येत होती. खेळाडूशी मोलाचा करार करता येत नव्हता, कारण असा करारच नव्हता.

संस्थानी आश्रयाच्या काळात मोलाचा प्रश्न नोकरीच्या रूपाने सुटला. इंदूरच्या होळकर संस्थानाने सी. के. नायडूंना आपल्या सैन्यात हुद्दा दिला. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. चाकरी संस्थानची आणि मैदानावरील हुकमत नायडूंची, अशी ती वाटणी होती. ती लेखी नव्हती. परंतु आश्रयदात्याला करंडकाखेरीज आर्थिक लाभ अपेक्षित नसल्यामुळे वादाचे कारण क्वचितच उद्भवले असावे.

खेळाडूंची निवड व करार पाहणारा ‘जनरल मॅनेजर’ हा अधिकारी अमेरिकेतील बेसबॉलमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडला. सेंट लुईस कार्डिनल्स व नंतर ब्रुकलिन डॉजर्स या संघांचा ब्रँच रिकी हे त्याचे गाजलेले उदाहरण होय. त्याने १९४५ साली जॅकी रॉबिन्सनशी करार केला आणि त्या खेळातील वर्णबंदी मोडण्याचा मार्ग मोकळा केला. परंतु रिकीच्या काळी खेळाडूला संघ सोडून जाण्याची मुभा नव्हती. त्याचा हक्क संघाकडे राखून ठेवलेला असे. १९७५ च्या अखेरीस लवादाच्या निर्णयाने ही बंदी सैल झाली, आणि त्यानंतर बोलणी करणाऱ्या व्यवस्थापकाचे महत्त्व खऱ्या अर्थाने वाढले. यावरून एक सामान्य नियम काढता येतो. समोरच्या पक्षाला नकार देता येत असेल तरच बोलणी होतात, आणि बोलणी होत असतील तरच व्यवस्थापकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न अर्थपूर्ण ठरतो.

या नियमाच्या कसोटीवर इंडियन प्रीमियर लीगची रचना तपासली असता तिचे वेगळेपण लक्षात येते. २००८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने आठ संघांचे हक्क बोली लावून दिले आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत खेळाडूंचा लिलाव केला. प्रत्येक संघाने किती खर्च करावयाचा याची मर्यादा मंडळाने घालून दिली. खेळाडूचे मोल त्याच्याशी बोलून ठरत नाही; ते संघांच्या परस्पर चढाओढीतून ठरते. म्हणजे अमेरिकेतील व्यवस्थापक ज्या कामासाठी ओळखला जातो, त्या कामाचा मोठा भाग येथे लिलावाच्या टेबलावर होतो. त्या टेबलावर प्रशिक्षक व व्यवस्थापक यांच्या शेजारी पुष्कळदा मालक स्वतः बसतो. मुखत्याराच्या शेजारी धनी बसला की मुखत्यारी उरत नाही.

पहिल्याच हंगामात हा ताण उघड झाला. बंगळूरच्या संघाची कामगिरी वाईट होताच त्याचे मुख्य कार्यकारी अधिकारी चारू शर्मा यांना हंगाम चालू असतानाच जावे लागले. संघ निवडीचे काम कर्णधार राहुल द्रविड व शर्मा यांच्यावर सोपवून आपण बाजूला राहिलो ही चूक झाली, असे मालक विजय मल्ल्या यांनी जाहीरपणे म्हटले. दिलेला अधिकार फळ पाहून परत घेण्याची ही रीत नवी नाही.

५. गहुंजे : पहिला मक्ता

मार्च २०१० मध्ये दोन नव्या संघांचे हक्क विकण्यात आले. पुण्याचा हक्क सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरांना दहा वर्षांसाठी घेतला. त्या संघाचे नाव पुणे वॉरियर्स इंडिया. पहिला हंगाम २०११ चा. घरचे सामने नवी मुंबईत झाले. १ एप्रिल २०१२ रोजी गहुंजे येथील मैदानाचे उद्घाटन झाले आणि त्याला सहारा समूहाच्या प्रमुखांचे नाव देण्यात आले. द्रुतगती मार्गालगतच्या एका खेड्याचे नाव अशा रीतीने देशभर पोहोचले.

या संघाचा इतिहास पाहताना व्यवस्थापकापेक्षा मालकाचीच परस्वाधीनता प्रथम नजरेत भरते. हक्क घेताना सामन्यांची जी संख्या गृहीत धरली होती, ती प्रत्यक्षात मंडळाने कमी केली. त्यामुळे हक्काची रक्कम कमी व्हावी अशी मागणी सहारा समूहाने केली आणि दीर्घ वाद सुरू झाला. जानेवारी २०११ च्या लिलावात संघाने युवराज सिंग यास १८ लाख डॉलरांना घेतले होते. पुढे युवराजला कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि २०१२ चा हंगाम तो खेळू शकणार नव्हता. त्याच्यासाठी राखलेली रक्कम नव्या लिलावात वापरू द्यावी, ही संघाची विनंती मंडळाने मान्य केली नाही. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी लिलावाच्या दिवशीच सहारा समूहाने लिलावातून अंग काढून घेतले आणि भारतीय संघाचे प्रायोजकत्वही सोडत असल्याचे जाहीर केले. दोन आठवड्यांच्या आत तडजोड झाली व संघ खेळला.

हा प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. आजारी खेळाडूच्या जागी दुसरा घेणे हे व्यवस्थापकाचे अगदी साधे काम. ते करण्याचा अधिकार व्यवस्थापकाला तर नव्हताच, पण ज्याने ३७ कोटी डॉलरांची बोली लावली त्या ‘मालका’लाही नव्हता. तो अधिकार मक्ता देणाऱ्याकडे होता. मुंबईचे मंडळ ज्याप्रमाणे कमिटीच्या दृष्टीने धनी व कलकत्त्याच्या दृष्टीने चाकर होते, त्याप्रमाणे संघमालक हा व्यवस्थापकाच्या दृष्टीने मालक व मंडळाच्या दृष्टीने मक्तेदार होता. अशा साखळीत सर्वांत खालच्या कडीला किती स्वातंत्र्य मिळते हे केवळ तिच्या लगतच्या कडीकडे पाहून सांगता येत नाही. व्यवस्थापकाच्या स्वातंत्र्याची चर्चा बहुधा ‘मालक हस्तक्षेप करतो काय’ एवढ्यापुरती होते. ती अपुरी आहे ती या कारणाने.

तीन हंगामांत संघाचे स्थान दहांत नववे, नवांत नववे आणि नवांत आठवे असे राहिले. युवराज सिंग, सौरव गांगुली, अँजेलो मॅथ्यूज, ॲरन फिंच अशी कर्णधारांची नावे बदलत गेली. रकमेचा वाद मिटला नाही. मे २०१३ मध्ये मंडळाने बँकेची हमी वटवून पैसे घेतले आणि सहारा समूहाने संघ सोडत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात मंडळाने हक्क रद्द केला. जामीन जप्त होऊन मक्ता मोडावा तसाच हा शेवट झाला.

त्याची झळ मावळात बसली. मैदानाच्या नावाचे पैसे थकल्यामुळे ते नाव गेले. मैदान बांधण्यासाठी असोसिएशनने बँकांचे कर्ज काढलेले होते. ते थकले, आणि २०१८ च्या जानेवारीत बँकांनी मैदानाचा सांकेतिक ताबा घेतला. दोन मोठे पक्ष आपापल्या कराराचा अर्थ लावीत असताना त्यांच्या शब्दावर विसंबलेल्या तिसऱ्या पक्षाला किंमत द्यावी लागते, हे येथेही दिसते.

६. दुसरा मक्ता आणि नाकारलेला प्रतिनिधी

पुण्याला दुसरा संघ मिळाला तो एका वेगळ्याच अधिकारवादामुळे. २०१३ साली सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई संघाशी संबंधित गुरुनाथ मय्यप्पन यांचे नाव पुढे आले. ते संघाचे मालक नाहीत, मुख्य अधिकारी नाहीत व प्रमुखही नाहीत, व्यवस्थापनाचे केवळ मानद सभासद आहेत, असा खुलासा मालक कंपनीने केला. न्यायमूर्ती मुद्गल समितीने मात्र ते संघाचे अधिकारी म्हणून वावरत होते असे ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१५ च्या निकालात ते मान्य केले. १४ जुलै २०१५ रोजी न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई व राजस्थान या संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. वडगावनंतर मुंबईकरांनी जे केले तेच येथे करून पाहण्यात आले. फरक इतकाच की या वेळी निर्णय देणारा त्रयस्थ अस्तित्वात होता. जगापुढे ज्याला प्रतिनिधी म्हणून वागू दिले, त्याचे प्रतिनिधित्व सोयीप्रमाणे नाकारता येत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

निलंबनाने रिकाम्या झालेल्या दोन जागांपैकी एक डिसेंबर २०१५ मध्ये संजीव गोएंका यांच्या कंपनीने पुण्यासाठी घेतली. या वेळी बोली उलट होती. मंडळाकडून मिळणाऱ्या वाट्यातून जो सर्वांत कमी घेईल त्याला संघ मिळावयाचा होता. पुण्याची बोली शून्याच्याही खाली गेली. वाटा सोडून उलट वर्षाला १६ कोटी रुपये देण्याची तयारी त्या कंपनीने दाखविली. मुदत दोनच हंगामांची होती. पहिल्या पाच खेळाडूंचे मोल मंडळानेच ठरवून दिले होते. पहिल्याला साडेबारा कोटी, पाचव्याला चार कोटी. पुण्याने प्रथम महेंद्रसिंह धोनी व नंतर अजिंक्य रहाणे यांची निवड केली. येथे करार करणाऱ्याला नाव निवडता येत होते. रक्कम ठरविता येत नव्हती.

२०१६ चा हंगाम निराशाजनक गेला. दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिल्याने संघाला गहुंजे सोडून विशाखापट्टणमला जावे लागले. १९ फेब्रुवारी २०१७ रोजी धोनीच्या जागी स्टीव्ह स्मिथ कर्णधार झाला. धोनीने पद सोडलेले नसून संघाने नवी नेमणूक केली आहे, असे मालकानेच स्पष्ट केले. दुसऱ्या दिवशीच्या लिलावात बेन स्टोक्स यास साडेचौदा कोटींना घेण्यात आले. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि २१ मे २०१७ रोजी हैदराबाद येथे मुंबईकडून एका धावेने हरला. मुदत संपली, चेन्नई व राजस्थान परत आले आणि पुण्याचा संघ विसर्जित झाला.

मालकाच्या थेट निर्णयाने संघ सातव्या स्थानावरून दुसऱ्यावर आला, म्हणून व्यवस्थापकाचे स्वातंत्र्य अनावश्यक आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे. पण तो टिकणारा नाही. दोन वर्षांच्या मक्त्यात दहा वर्षांनी फळ देणारा खेळाडू घडविण्याचे कोणालाच कारण नसते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत जास्तीत जास्त बोली लावणाऱ्यास परगण्याची मामलत अल्प मुदतीने दिली जाई. मामलतदाराने त्या मुदतीत शक्य तेवढे उत्पन्न काढावे आणि जमिनीची काळजी पुढच्याने घ्यावी, असा तिचा परिणाम झाला. येथे नुकसान रयतेचे नसले तरी मुदत आणि दूरदृष्टी यांचा संबंध तोच आहे. ज्याच्याकडे दीर्घकाळाचे काम नाही, त्या व्यवस्थापकाला स्वातंत्र्य देऊन उपयोग नाही आणि काढून घेऊन तोटाही दिसत नाही. तो तोटा मुदत संपल्यावर दिसतो, आणि तेव्हा हिशेब विचारावयास संघच उरलेला नसतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली, मुखत्यारीची कसोटी यशाच्या वेळी लागत नाही. कमिटी जिंकून पुण्यास पोहोचली असती तर तिच्या अधिकाराची चौकशी कोणी केली नसती. दिलेला अधिकार प्रतिकूल फळ आल्यावरही जेथे मानला जातो, तेथेच तो दिलेला होता असे म्हणता येते.

दुसरी, मर्यादा असणे हा दोष नव्हे. ती आधी न सांगणे हा दोष होय. किती रकमेपर्यंत, किती मुदतीचा आणि कोणत्या बाबतीत शब्द देता येईल हे व्यवस्थापकाला व समोरच्या पक्षाला आधी ठाऊक असेल, तर लहान अधिकारही खरा असतो. मर्यादा अव्यक्त ठेवून दिलेला ‘संपूर्ण’ अधिकार मात्र पहिल्या संकटात नाहीसा होतो.

तिसरी, मालक स्वतःच मक्तेदार असेल तर व्यवस्थापकाच्या स्वातंत्र्याचे मूळ मक्त्याच्या कलमांत शोधले पाहिजे. मक्त्याची मुदत, रक्कम व अटी यांनी मालकाचे हात जेवढे बांधले जातात, तेवढे व्यवस्थापकाचे आपोआप बांधले जातात. मराठी वृत्तपत्रे ‘संघमालक’ हा शब्द वापरतात तेव्हा ही पायरी झाकली जाते. तो शब्द रूढ झाला असल्याने बदलणार नाही. परंतु अभ्यासकाने त्याच्यामागील ‘मक्तेदार’ ओळखला पाहिजे. वडगावी महादजीने समोरच्या माणसाचे नाव वा हुद्दा न पाहता त्याच्या कृतीवरून त्याचा अधिकार मोजला. खेळातील करारांचा इतिहास लिहिणाऱ्यालाही पदनामे बाजूस ठेवून हेच मोजमाप वापरावे लागेल.